हातातली वस्तू सगळ्यात शेवटी: रोकोको काळातली रूपकात्मक पोर्सेलिन पुतळी कशी वाचावी

वीतभर उंचीची पोर्सेलिनची बाई. खाली सिंह, डोक्यावर काहीतरी चमत्कारिक, एका हातात कणसं. बघणारा फोनवर चिन्हांचे अर्थ शोधतो आणि दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळा होतो: कणसं आहेत, म्हणजे उन्हाळा. दुसरा म्हणतो, सिंह आहे म्हणजे शौर्य. तिसऱ्याला ती कुठलीतरी देवी वाटते. तिघंही चुकतात, आणि चूक एकच: तिघांनी हाती लागेल त्या पहिल्या खुणेवरून नाव ठरवलं.

चिन्हांच्या याद्या खोट्या नसतात, त्या वापरायचा क्रम चुकतो. पुतळीच्या हातातली वस्तू हा तिचा सगळ्यात नाजूक, सगळ्यात जास्त वेळा तुटलेला आणि सगळ्यात जास्त वेळा दुसऱ्याच कुणीतरी बसवलेला भाग असतो. आणि नेमकं त्याच्यावरच आपण सगळा अर्थ तोलतो. म्हणून खालच्या क्रमात ती वस्तू मुद्दाम मागे ठेवली आहे.

रूपक म्हणजे ऋतू, खंड, सद्गुण अशा एखाद्या कल्पनेला दिलेलं माणसाचं शरीर. हा क्रम रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातल्या नाजूक, वळणदार सजावटीच्या शैलीतल्या, साधारण 1735 ते 1770 या काळातल्या नमुन्यांसाठी आहे. कारखाने असे: जर्मनीतलं माइसन, निम्फेनबर्ग, फ्रांकेनथाल, होक्स्ट, आणि इंग्लंडमधलं चेल्सी, बो, डर्बी. संग्रहालयाच्या काचेआड उभी असलेली पुतळी वाचायलाही तो चालतो, आजोबांच्या कपाटात निघालेलीही.

## तयारी

पुतळी हातात घेणार असाल तर टेबलावर जाड टॉवेलाची घडी पसरा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. ओढणी किंवा सैल बाही असेल तर ती आवरा, कारण कापडात अडकूनही बोटं तुटतात. उचलताना एक हात बैठकीखाली, दुसरा पाठीला. दंड, डोकं किंवा मागचं झाड धरून कधीही उचलू नका.

जवळ असावं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, साधी टॉर्च, अतिनील टॉर्च (365 नॅनोमीटरची चांगली, डोळ्यांत मारू नका), मोजपट्टी, वही. फोनवर आठ बाजूंनी फोटो काढा, शिवाय वरून एक आणि तळाचा एक.

काचेआडच्या पुतळीची पाठ दिसत नाही. अशा वेळी संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत मागच्या बाजूचा फोटो आहे का, ते पाहा. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या सूची फुकट उघडतात.

सावधान: आधी धुऊन घेऊ, मग बघू, असं करू नका. जुना जोड पाण्यात सुटतो, आणि भट्टीत न भाजता वरून लावलेला रंग निघून येतो. तो रंग आणि तो जोड हाच तुमचा पुरावा आहे.

## टप्पा 1: नाव न घेता वर्णन

वहीत दहा-बारा ओळी लिहा. अट एकच: व्हीनस, वसंत, न्याय असा एकही शब्द त्यात यायला नको. बाई की पुरुष, वय काय, उभी की बसलेली, कशावर बसलेली, पाय उघडे की पादत्राणं, कपडे त्या काळातले की अंगाभोवती नुसतं वस्त्र गुंडाळलेलं, डोक्यावर काय, नजर कुठे. मग उजवा हात, डावा हात, प्राणी, बैठक, पाठ.

उजवं-डावं पुतळीचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही. आपल्याकडे मूर्तिशास्त्रात हाच नियम आहे, आणि विष्णूच्या चोवीस रूपांमध्ये फक्त शंख-चक्र-गदा-पद्म यांचा क्रम बदलला की नाव बदलतं, हे ज्याला माहीत आहे त्याला ही शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही.

प्राणी-पक्ष्यांची नावंही सांभाळून लिहा. ‘मोर’ असं लगेच लिहू नका. ‘डोक्यावर तुरा, लांब मिटलेली शेपटी, मान निळी’ असं लिहा. अठराव्या शतकातल्या साच्यातून निघालेली मगर कधी सरड्यासारखी दिसते, कधी कुत्र्यासारखी. ती मगर आहे हे नंतर ठरेल.

पडताळा: वर्णन पुतळी न पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि कागदावर ढोबळ आकृती काढायला सांगा. ती जमली नाही तर वर्णन अपुरं आहे.

## टप्पा 2: भट्टीने लादलेल्या गोष्टी बाजूला काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग झाडाच्या बुंध्यावर ‘आयुष्याचा वृक्ष’ वगैरे परिच्छेद लिहिले जातात.

माइसनसारखं कठीण पोर्सेलिन साधारण 1400 अंश सेल्सिअसला भाजतात. त्या उष्णतेत वस्तू मऊ पडते आणि साधारण एक षष्ठांश आक्रसते. दोन बारीक घोट्यांवर उभी असलेली बाई त्यात सरळ राहणं शक्य नाही. म्हणून तिच्या मागे झाडाचा बुंधा येतो, खडक येतो, नाहीतर वस्त्राचा घोळ थेट जमिनीपर्यंत उतरतो. हा टेकू आहे, अर्थ नाही. बुंध्याला एखादी विशेष वस्तू टांगलेली किंवा टेकवलेली असेल (भाता, वाद्य, मुखवटा), तर ती वस्तू मात्र टिपून ठेवा.

असंच आणखी काही:

- बैठकीवर विखुरलेली छोटी फुलं-पानं. माइसनच्या बैठकांवर ती सर्रास असतात. त्यावरून वसंत ठरत नाही.
- इंग्लिश पुतळ्यांमागचा पानाफुलांचा दाट पडदा. तो आधार आणि सजावट दोन्ही आहे. वसंत, उन्हाळा, हिवाळा सगळ्यांच्या मागे तोच असतो.
- तळाचं भोक हवा जाण्यासाठी. बो कारखान्याच्या पुतळ्यांच्या पाठीला चौकोनी भोक दिसलं तर ते धातूची फुलं किंवा मेणबत्तीची फांदी बसवायला ठेवलेलं.
- तळावरचे गोल काळपट डाग. डर्बीच्या पुतळ्या भट्टीत मातीच्या गोळ्यांवर ठेवत, त्याचे ते ठसे.
- मुठीतलं आरपार भोक. हे महत्त्वाचं. तिथे भाला, काठी, त्रिशूळ असं काहीतरी वेगळं घातलेलं असणार, आणि ते आज हरवलेलं आहे.

रंगाचंही तेच. आकार घडवणारे वेगळे, रंगवणारे वेगळे. एकाच साच्यातली एक बाई पिवळ्या वस्त्रात, दुसरी जांभळ्या फुलांच्या, तिसरी पूर्ण पांढरी मिळते. निळं वस्त्र दिसलं म्हणून पाणी, असं म्हणू नका.

## टप्पा 3: मूळ काय, नंतरचं काय

आता भिंग आणि अतिनील टॉर्च. खोली अंधारी करा. जुन्या पोर्सेलिनची झिलई एका सुरात दिसते. दुरुस्तीचा रंग, लुकण, गोंद त्यातून वेगळे उठून दिसतात, बहुधा दुधाळ किंवा पिवळसर. मग साध्या उजेडात तीच जागा पाहा: पिवळी पडलेली कड, झिलईपेक्षा मंद चमक, बोटाला जरा चिकट लागणारा रंग.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: मनगटं, बोटं, गळा, हातातल्या वस्तूचं टोक, प्राण्यांचे कान आणि शेपट्या, टोपीवरची पिसं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो कारखान्यातला सांधा आणि नंतरची मोडतोड यांत. पुतळी एका साच्यात होत नाही. धड, हात, डोकं, वस्तू वेगवेगळ्या साच्यांतून काढून पातळ मातीच्या घोळाने जोडतात. जर्मन कारखान्यांत हे काम करणाऱ्याला बॉसीरर म्हणत. त्याने केलेल्या सांध्यावरून झिलई सलग वाहत गेलेली असते. नंतरची चीर झिलई कापत जाते. भिंगाखाली हा फरक स्पष्ट दिसतो.

यातून दोन वेगळी प्रकरणं निघतात. पहिलं: मनगटाशी चीर आहे, म्हणजे हात आणि वस्तू नंतरची असू शकते. दुरुस्ती करणारा बहुतेक वेळा त्याला जमेल ते बसवतो, आणि सगळ्यांना जमतं ते फूल. म्हणून मोडलेल्या मनगटावर गुलाब दिसला की मी तो गुलाब हिशेबातच धरत नाही. दुसरं: सांधा कारखान्यातलाच आहे, पण धड दुसऱ्या पुतळीचं आहे. कारखाने तेच धड, तेच पाय वापरून हातातली वस्तू बदलत आणि नवीन व्यक्तिरेखा तयार करत. ही फसवणूक नव्हे, धंद्याची काटकसर. पण त्यामुळे हावभाव आणि वस्तू यांचा मेळ बसत नाही आणि वाचणारा उगाच खोल अर्थ शोधत बसतो.

पडताळा: वर्णनातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘मूळ’, ‘संशयित’ किंवा ‘हरवलेलं’ लिहा. पुढचं सगळं वाचन ‘मूळ’ ओळींवर उभं राहायला हवं.

## टप्पा 4: नमुना कधीचा, पुतळी कधीची

शिल्पकार योहान योआखिम केंडलर 1731 मध्ये माइसनला आला आणि 1775 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याने आणि एबरलाइन, राइनिके, मायर या सहकाऱ्यांनी केलेले नमुने पुढे एकोणिसाव्या, विसाव्या शतकातही पुन्हा पुन्हा काढले गेले. त्यामुळे ‘केंडलरचा नमुना’ आणि ‘केंडलरच्या काळातली पुतळी’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तळावर कोरलेला क्रमांक नमुन्याचा असतो, वर्षाचा नव्हे.

माइसनची एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारींची खूण ही तर नक्कल करायला सगळ्यांची आवडती. तलवारींच्या मुठींमध्ये ठिपका असेल तर साधारण 1763–74 आणि तारा असेल तर 1774–1814 असं धरतात, पण खूण एकटी काहीच सिद्ध करत नाही. पॅरिसच्या सॅम्सन कंपनीने एकोणिसाव्या शतकात जुन्या कारखान्यांच्या नकला मोठ्या प्रमाणावर केल्या, खुणांसकट.

बैठक जास्त बोलते. साधा मातीचा ढिगारा आणि त्यावर फुलं: 1730–40 च्या दशकांचा नमुना. सोनेरी कडांची, सी अक्षरासारखी वळणं घेणारी बैठक: 1750 नंतरची चाल. चौकोनी किंवा गोल, सरळ रेषांची बैठक: रोकोको मावळून ग्रीक-रोमन वळणाची नवअभिजात शैली आल्याची खूण.

वाचनासाठी हे कशाला हवं? कारण नंतरच्या नकलांमध्ये अवघड खुणा गळतात. विंचू काढून टाकला जातो, साप जाऊन रिबन येते, म्हातारा हिवाळा जरा देखणा होतो. तुमची पुतळी उशिराची असेल तर जुन्या प्रतीचा फोटो शोधून तिथे काय होतं ते आधी पाहा.

आणि एक गमतीची गल्लत. तळावर किंवा मागे रंगवलेला चिमुकला नांगर (जहाजाचा) ही चेल्सी कारखान्याची खूण आहे, 1750 च्या दशकात लाल, पुढे सोनेरी. पुतळीच्या हातात किंवा बाजूला घडवलेला नांगर म्हणजे आशा. तळावरच्या नांगरावरून एका चेल्सीच्या माळणीला ‘आशा’ म्हटलेलं मी स्वतः वाचलं आहे.

## टप्पा 5: ती एकटी नव्हती, संच शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. या पुतळ्या कपाटात एकेकट्या उभ्या करायला बनत नव्हत्या. दरबारी मेजवानीत शेवटी गोड पदार्थांचं टेबल मांडत, त्यावर पूर्वी साखर आणि डिंकाच्या पुतळ्या असत. पोर्सेलिनने त्यांची जागा घेतली, आणि जर्मनीतल्या सॅक्सनीच्या दरबारात तर त्या ठेवणीत असायच्या दरबारी मिठाईखात्याच्या ताब्यात. टेबलाभोवती बसलेले पाहुणे त्या चहूबाजूंनी बघत आणि एकीवरून दुसरी ओळखत. आपल्याकडे येते ती त्या चौकडीतून निसटलेली एक.

म्हणून ‘ही कोण?’ हा पहिला प्रश्न नाही. ‘ही कितीजणींपैकी एक?’ हा पहिला.

चार ऋतू. वसंत फुलांसह, बहुधा फ्लोरा ही फुलांची रोमन देवी. उन्हाळा कणसं आणि कोयता घेतलेली धान्यदेवी सेरेस. शरद द्राक्षं आणि पेला घेतलेला मद्यदेव बाकस. हिवाळा अंगाभोवती जाड वस्त्र लपेटून शेगडीवर हात शेकणारा म्हातारा. रोकोकोत देवदेवता गळून नुसती मुलं किंवा माळी-माळणी उरतात, तेव्हा वस्तू तेवढ्या राहतात. वय हीसुद्धा खूण आहे: संचात एकच म्हातारा असेल तर तो हिवाळाच.

चार तत्त्वं. युरोपात चारच, आकाश नाही. पाण्याला त्रिशूळ आणि डॉल्फिन घेतलेला नेपच्यून. अग्नीला हातोडा-ऐरण घेतलेला व्हल्कन, किंवा वीज आणि गरुड घेतलेला ज्युपिटर. वायूला मोरासोबतची देवराणी जूनो. पृथ्वीला सेरेस, किंवा बुरुजांचा मुकुट घातलेली भूमाता सिबिली, जिच्यासोबत सिंह असतो. ज्वाळा दिसल्या की थांबा: शेगडीपाशी बसून शेकणारा हिवाळा, लोखंड ठोकणारा अग्नी.

चार खंड. युरोप मुकुट, राजदंड आणि घोड्यासह. आशिया उंट आणि धुपाटण्यासह. आफ्रिका सिंहासह, डोक्यावर हत्तीच्या मुखाचं शिरस्त्राण. अमेरिका पिसांचा मुकुट, पिसांचाच घागरा आणि मगर. ऑस्ट्रेलिया या हिशेबात नाही. केंडलरच्या माइसन संचात चौघीही आपापल्या प्राण्यावर बसलेल्या आहेत. प्राणी बाजूला असणं आणि प्राण्यावर बसणं हा फरक म्हणूनच टप्पा 1 मध्ये लिहायचा.

पाच इंद्रियं. दृष्टीला आरसा किंवा दुर्बीण, सोबत कधी गरुड. श्रवणाला वाद्य, कधी हरीण. गंधाला फूल आणि कुत्रा. चवीला फळं, सोबत माकड. स्पर्शाला बोटाला चावणारा पोपट, किंवा कासव.

याखेरीज सद्गुण, कला आणि विद्या, म्यूझ (काव्य-कलांच्या) देवता, महिने असे संच आहेत. त्यांत पंख असलेली गुबगुबीत मुलं पॅलेट घेऊन चित्रकला होतात, कंपास घेऊन भूमिती.

पुतळी कुठल्या संचात बसते हे ठरवायला चार गोष्टी जुळवा: उंची, बैठकीचा घाट, पेहरावाचा प्रकार (सगळ्याजणी देवतांच्या वस्त्रांत की सगळ्याजणी शेतकरणी), आणि बसण्या-उभं राहण्याची ढब. संचातल्या एकीचाही फोटो सापडला तर अर्धं काम होतं.

सावधान: बाजारात ‘जोडी’ म्हणून विकलेल्या दोन पुतळ्या एकाच संचातल्या असतीलच असं नाही. वसंत आणि उन्हाळा ‘माळणींची जोडी’ म्हणून विकले जातात, आणि उंची जुळली म्हणून ‘गंध’ ‘शरदा’शेजारी उभा केला जातो.

## टप्पा 6: ती रूपक आहे तरी का?

कुठल्याच संचात बसेना तर तिला जबरदस्तीने बसवू नका. याच कारखान्यांनी रूपकाशी काहीही संबंध नसलेल्या पुतळ्या ढिगांनी काढल्या. निम्फेनबर्गचा शिल्पकार बुस्टेल्ली याच्या प्रसिद्ध सोळा पुतळ्या इटालियन लोकनाट्यातली पात्रं आहेत. माइसनचे फेरीवाले पॅरिसच्या रस्त्यांवरच्या विक्रेत्यांच्या छापील चित्रांवरून आले. मेंढपाळ-मेंढपाळणी तर असंख्य. पिंजरा उघडणारी मुलगी दिसली तर ‘वायू’ शोधत बसू नका, तिथे प्रेमाचा चावट इशारा आहे आणि टेबलावरच्या पाहुण्यांना तो लगेच कळत असे.

कसोटी सोपी आहे. हातातली वस्तू तिच्या रोजच्या कामाची असेल (मासळीवालीच्या टोपलीत मासे), तर ती बहुधा व्यवसायाची पुतळी. वस्तू त्या कामाला विसंगत असेल (अनवाणी बाई, हातात साप आणि आरसा), तर रूपक.

## टप्पा 7: आता हात बघा

नियम: एका खुणेवर नाव नाही. निदान दोन स्वतंत्र मूळ खुणा हव्यात, आणि त्यांतली एक तरी अंगाला घट्ट असलेली हवी: डोक्यावरची, अंगावरची किंवा बसायच्या प्राण्याची. ती हातातल्या वस्तूइतकी सहज तुटत नाही.

आरसा घ्या. एकट्या आरशाचे अर्थ निदान चार: दृष्टी, विवेक, सौंदर्यगर्व, व्हीनस. सोबत साप असेल तर विवेक. गरुड असेल तर दृष्टी. पारवे आणि पंखवाला मुलगा असेल तर व्हीनस. काहीच नसेल, तर संच ठरवेल. संचही नसेल, तर ‘आरसा घेतलेली स्त्री’ एवढंच प्रामाणिक उत्तर.

आता सुरुवातीची बाई. सिंह आणि कणसं. दोन खुणा आहेत, नियम पाळला, तरी उत्तरं दोन निघतात. सिंह सिबिलीचा, धान्य पृथ्वीचं, म्हणून ‘पृथ्वी’. किंवा सिंह आफ्रिकेचा आणि धान्यही आफ्रिकेचं, कारण रोमला तिकडून धान्य यायचं आणि ती आठवण या प्रतिमेत मुरलेली आहे. सुटका करतं ते डोक्यावरचं चमत्कारिक प्रकरण. बुरुज असतील तर पृथ्वी. सोंड आणि सुळे असतील तर आफ्रिका. शिवाय ती सिंहावर बसलेली असेल तर खंडांच्या संचाकडे काटा आणखी झुकतो. सिंहासोबत खांब असता तर ती धैर्य ठरली असती. उन्हाळा मात्र कुठल्याच वाटेने येत नाही.

समृद्धीचं शिंग, म्हणजे फळाफुलांनी ओसंडणारं ते शिंग, तर जवळजवळ कुणालाही देतात: पृथ्वी, शरद, शांती, आफ्रिका, अमेरिका. त्याला मी पाव खूण मानतो.

### आपल्या डोळ्यांना पडणारे चकवे

हे वेगळं लिहायला हवं, कारण युरोपीय मार्गदर्शकांत याबद्दल काही सापडत नाही.

हत्ती म्हणजे भारत, निदान आशिया, असं आपलं मन परस्पर ठरवतं. मीही आफ्रिकेच्या पुतळीसमोर उभं राहून सोबतच्यांना ठामपणे ‘आशिया’ सांगितलं होतं, आणि खालची पाटी नंतर वाचली. हे हत्तीचं शिरस्त्राण थेट रोमन नाण्यांवरून आलेलं आहे. सम्राट हेड्रियनच्या नाण्यांवर आफ्रिका तेच घालून पहुडलेली दिसते.

मोर दिसला की सरस्वती किंवा कार्तिकेय आठवतो. इथे तो जूनोचा, आणि तिच्यामुळे वायूचा. घुबड आपल्याकडे अशुभ. इथे ते मिनर्व्हाचं, विद्येचं. साप इथे विवेकाचाही असतो. बाईच्या मांडीवर आणि आजूबाजूला दोन-तीन मुलं असतील तर ती नुसती लेकुरवाळी नव्हे, ‘परोपकार’ हा सद्गुण असू शकते.

न्याय आपल्या भाषेत ‘तो’, म्हणून तराजू घेतलेली बाई बघून ‘न्यायदेवता’ असा देवतेचा जोड द्यावा लागतो. लॅटिनमध्ये न्याय, धैर्य, विवेक, श्रद्धा, आशा हे सगळे शब्द स्त्रीलिंगी. पुतळ्या बायकांच्या आहेत त्या मुख्यतः व्याकरणामुळे. त्यात स्त्रीत्वाचा संदेश शोधायची घाई नको. आणि इथे त्या देवताही नव्हेत. प्राचीन रोममध्ये आशा आणि श्रद्धा यांची देवळं होती, पण टेबलावरच्या या पुतळ्यांची पूजा कुणी करत नव्हतं. एका कल्पनेला दिलेलं ते शरीर आहे.

## टप्पा 8: मूळ चित्र गाठा

घडवणारे मनाने फार कमी घडवत. त्यांच्यासमोर छापील चित्रं असत. रूपकांसाठी सगळ्यांत वापरला गेलेला कोश म्हणजे चेझारे रीपाचा ‘इकोनोलोजिया’, पहिल्यांदा 1593 मध्ये रोममध्ये चित्रांविना छापलेला, 1603 मध्ये चित्रांसह. पुढे त्याच्या अनेक भाषांत आवृत्त्या निघाल्या. जुन्या आवृत्त्यांची पानं ऑनलाइन बघायला मिळतात.

जुळवताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. छापताना चित्र उलटतं, नक्कल करून पुन्हा छापलं की परत उलटतं. म्हणून चित्रात कणसं डावीकडे आणि पुतळीत उजवीकडे, यावरून ‘हे ते नव्हे’ असं म्हणता येत नाही. दुसरं, चित्राला पाठ नसते. पुतळीची पाठ घडवणाऱ्याला स्वतः रचावी लागली, म्हणून तिथला तपशील पुष्कळदा टेकू आणि सजावट एवढाच असतो.

आणि फरक सापडला की खूश व्हा, कारण तिथेच रोकोको बोलतं. रीपाची अमेरिका धनुष्यबाण घेतलेली आहे आणि तिच्या पायाखाली बाणाने भेदलेलं माणसाचं मुंडकं आहे. माइसनच्या टेबलावरच्या अमेरिकेजवळ मुंडकं नाही. पोपट आहे आणि समृद्धीचं शिंग आहे. रीपाच्या आफ्रिकेच्या हातातल्या विंचवाचंही असंच होतं. गोड खाताना कुणाला विंचू समोर नको असतो.

## टप्पा 9: टेबलावर तिचं काम काय होतं

ओळख पटल्यावर बहुतेक लोक थांबतात. एक प्रश्न उरतो: ही प्रतिमा कुणी, कुणासमोर मांडली?

खंडांच्या संचात राजमुकुट आणि राजदंड एकीलाच आहेत, ती युरोप. बाकीच्या आपल्या प्राण्यांसह, आपला माल घेऊन येतात. त्याच टेबलावर कॅरिबियनमधल्या गुलामांनी पिकवलेली साखर होती, चॉकलेट होतं, कॉफी होती. हा संबंध बोलून दाखवावा, पण मोजून. घडवणाऱ्याचा हेतू आपल्याला कळला असं लिहू नका. ‘या मांडणीत युरोप सत्तेच्या खुणांसह दिसतो’ हे पुतळीतून दाखवता येतं. ‘केंडलरला असं म्हणायचं होतं’ हे येत नाही.

ऋतू किंवा इंद्रियांच्या पुतळ्यांना इतकं ओझं देऊ नका. तिथे बहुतेक वेळा काम एवढंच: पाहुण्यांनी ओळखावं, हसावं, शेजारणीला काहीतरी सूचक बोलावं.

## टप्पा 10: निष्कर्ष लिहिताना

तीन पातळ्या ठेवा. ‘आहे’ म्हणजे दोन मूळ खुणा आणि संच जुळलेला. ‘बहुधा’ म्हणजे दोन खुणा, संच नाही. ‘शक्यता’ म्हणजे एक खूण किंवा संशयित खूण. नाकारलेली नावं कारणासह लिहा. पुढच्या बघणाऱ्याला तीच जास्त उपयोगी पडतात.

आपल्या बाईची नोंद मी अशी लिहीन:

*आफ्रिका, चार खंडांच्या संचातून (आहे). सिंहावर बसलेली स्त्री, डोक्यावर हत्तीच्या मुखाचं शिरस्त्राण, दोन्ही मूळ. उजव्या हातात कणसं, सांध्यावर झिलई सलग, मूळ. डावं मनगट जोडलेलं, हातातलं फूल नंतरचं, वाचनात धरलेलं नाही. तिथे मूळ काय होतं ते याच नमुन्याच्या दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहायचं. नमुना माइसनचा, 1740 च्या दशकातला. ही प्रत नंतरची असण्याची शक्यता. ‘उन्हाळा’ नाकारला: सिंह आणि शिरस्त्राण. ‘पृथ्वी’ नाकारली: बुरुजांचा मुकुट नाही.*

सराव करायला युरोप गाठायची गरज नाही. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय पोर्सेलिन भरपूर आहे, मुंबई-पुण्याहून रातोरात रेल्वेने पोचता येतं. वही न्या, आणि पाट्या परतीच्या फेरीत वाचा.